पहिल्या हंड्याचं पाणी

गावच्या नळाचं पाणी तपासायला सरकारी माणूस येतो, तेव्हा बाटली भरण्याआधी तो नळ मोकळा सोडतो आणि बरंच पाणी वाहून जाऊ देतो. ते वाहून गेलेलं पाणी रोज कोण पितं, असं तुम्ही त्याला कधी विचारलंय का? मीही विचारलं नव्हतं. प्रश्न विचारणं हा आमच्या घरचा धंदाच असूनही नव्हतं. माझे बाबा शेतमजुरांच्या संघटनेचं काम करत. आमच्याकडे पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं पत्रकांवरूनच शिकले, त्यामुळे ‘नारळ’च्या आधी मला ‘निषेध’ वाचता येऊ लागला. पण हा साधा, नळाखाली उभं राहून विचारायचा प्रश्न माझा नाही. तो रुक्माआत्याचा. तिला जाऊन आता काही आठवडे झाले आहेत, आणि तिच्यामागे तो प्रश्नही गुंडाळून ठेवण्याची तयारी चाललेली मला दिसते आहे. म्हणून हे लिहिते आहे.

बातमी आली तेव्हा मी मानवतला होते. जिनिंगमधल्या बायकांच्या मजुरीचं पत्रक वाटत एका गेटबाहेर उभी होते आणि माझ्या चुलतभावाचा, विलासचा फोन आला. “आत्या गेली,” तो म्हणाला. मी विचारलं, “कशानं?” “कशानं म्हंजी? हार्टनं. शेजारच्यांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, तिथंच गेली.” माझ्या तोंडून दुसरं वाक्य निघालं ते असं: “विलास, काल-परवा तिला भेटायला कोणी आलं होतं का?” तो म्हणाला, “तू आधी बस पकड.” परभणीच्या त्या दवाखान्यातही मी डॉक्टरांना जे विचारलं ते नातेवाइकासारखं नव्हतं, उलटतपासणीसारखं होतं. त्यांनी न रागावता तिचे जुने कागद काढून समोर ठेवले. हृदयाचं दुखणं कित्येक वर्षांचं होतं, उपचार तिथेच चालू होते, आणि आम्हांला कुणालाच तिनं सांगितलेलं नव्हतं. त्या कागदांकडेही मी संशयानं पाहिलं. आणि तेवढ्यात मला तिचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला, “तुला पायजे तो पुरावा मिळाला न्हाई, म्हणून तू हाय तो पुरावा खोटा ठरवायलीस.” तिच्या मरणाबद्दलचा संशय मी तिथेच, त्या बाकावर सोडून दिला. तिच्या मरणानंतर गावात जी घाई सुरू झाली, त्या घाईबद्दलचा मात्र सोडलेला नाही.

रुक्माआत्या ही बाबांची चुलतबहीण. आमचं गाव येलदरीच्या धरणापासून लांब नाही, पण उंचावर आहे. धरणाचं पाणी डोळ्यांना दिसतं आणि घशाला बोअरचं मिळतं. त्या गावातून ती आधी जिंतूरला, मग परभणीला वसतिगृहात राहून शिकली, रसायनशास्त्र घेतलं, आणि पुढे दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या संस्थेत तिनं उभं आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, तिकडेच फ्लॅट घेईल. ती परभणीला परत आली, स्टेशनच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि दर आठवड्याला एसटीनं गावी येऊ लागली. पिशवीत बाटल्या, कधी बोअरच्या तोंडाशी पडलेले दगड. गावानं जे करायचं तेच केलं. कुणी म्हणालं, बाई कंपनीसाठी जमिनीची पाहणी करायलीय. कुणी म्हणालं, गुप्तधन हाय, निजामाच्या वेळचं. पारावरच्या एका आजोबांनी तिला थेट विचारलं, “रुक्मे, सोनं हाय का त्यात?” तिनं दगड त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, “असंल तर निम्मं तुमचं, आबा. पण तपासायचा खर्च बी निम्मा.” त्यांनी दगड तातडीनं परत केला.

संशय मलाही होता, फक्त माझा जरा शिकलेला होता. सरकारी संस्थेत आयुष्य काढलेली शास्त्रज्ञ, एकटी, निवृत्तीनंतर अचानक गावच्या पाण्यात रस… मी तिच्या खोलीवर गेले ती पत्रकाचा मजकूर डोक्यात तयार ठेवूनच. चहा पुढे आल्याबरोबर विचारलं, “आत्या, तुमच्या संशोधनाला पैसा कोण देत होतं?” ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, चिडली. ती म्हणाली, “एवढ्या वर्षांत हा प्रश्न नात्यातल्या माणसानं पहिल्यांदा विचारला. बाकीचे विचारतात, पगार किती. बस नीट.” आणि तिनं खरंच सगळं सांगितलं. कोणत्या खात्याचा पैसा, कोणत्या कंपनीनं एकदा देऊ केला, तो का नाकारला, आणि एकदा का घेतला. घेतला ते सांगताना आवाज जरासुद्धा खाली आणला नाही. मी तोवर ज्यांना ज्यांना हा प्रश्न विचारला होता, त्यांतलं कुणीच त्याचं असं स्वागत केलं नव्हतं. “संशय घ्यायचा तर सगळ्यांत आधी माझ्यावर घे,” ती म्हणाली, “सोयीचं पडंल. मी घरातच हाय.”

तिच्या कामाचं नाव लांबलचक होतं, नॉनलिनिअर ऑप्टिकल स्पेक्ट्रोस्कोपी. मी ते वहीत लिहून घेत होते तर म्हणाली, “नाव राहू दे. काम एकच. दगडाला जिथं पाणी टेकतं, तिथल्या पाण्याच्या पहिल्या थराची चौकशी.” चौकशी हा शब्द माझ्या घरचा, त्यामुळे मी सरसावून बसले. तिनं विचारलं, जिंतूरच्या स्टँडवर कधी गर्दी बघितलीस का? बस येईपर्यंत माणसं कशीही उभी असतात. कुणाचं तोंड रसवंतीकडे, कुणाचं मुतारीकडे, कुणाचं एकमेकांकडे. त्या गर्दीचं तोंड कुठे, असं विचारलं तर उत्तर नाही. बस फलाटाला लागली की फलाटाजवळची सगळी माणसं एकाच बाजूला तोंड करतात. पाण्याचंही तसंच. हंड्याच्या मधल्या पाण्याचे रेणू कसेही तोंड करून असतात, पण दगडाला टेकलेले रेणू एका ठरावीक बाजूला वळतात, आणि ती बाजू दगडाच्या अंगावर कोणता विद्युतभार आहे, धन की ऋण, त्यावरून ठरते. दोन लेझर किरण घ्यायचे, एक हिरवा, एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. दोन्ही एकाच जागी, एकाच क्षणी, दगड आणि पाण्याच्या सीमेवर पाडायचे. तिथून तिसराच एक किरण निघतो. निळा, आणि इतका मंद की यंत्राशिवाय कळत नाही. मधल्या गर्दीतून तो निघतच नाही. जिथे तोंडं एका बाजूला वळलेली आहेत तिथूनच निघतो. “म्हंजी बाकीचं सगळं पाणी गप्प बसतं,” आत्या म्हणाली, “आणि फक्त दगडाला टेकलेलं बोलतं. मला तर ह्याच्यापेक्षा मोठी गंमत कोणती असू शकते ते अजून कळलं न्हाई.” हे सांगताना तिचा चेहरा एखाद्या नव्या नवरीसारखा झाला होता. तिला हे वाक्य अजिबात आवडलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

त्या चौकशीत एक धोका होता. दगडावर स्निग्ध काही लागलेलं असेल, बोटाचा नुसता ठसा, तर तेसुद्धा बोलतं, आणि पाण्यापेक्षा मोठ्यानं बोलतं. तरुणपणी आत्याला एका स्फटिकावर असा झकास संकेत, म्हणजे तो तिसरा किरण, मिळाला होता की महिनाभर ती हवेत होती. मार्गदर्शक सर मात्र तिच्या आलेखाकडे न बघता तिच्या वेणीकडे बघत होते. तिच्या आईनं गावाकडून खोबरेल तेलाचा डबा पाठवलेला, आणि आत्या रोज डोकं चोपून प्रयोगशाळेत जाई. केस धुतले, स्फटिक नव्यानं साफ केला, संकेत गायब. “महिनाभर मी जगाला आमच्या आईचं तेल दाखवू लागले होते,” ती हसून सांगायची. त्या दिवसापासून तिनं केसांना तेल लावलं नाही. गावातल्या बायका तिच्या भुरकट केसांकडे बघून हळहळायच्या, बिचारीला घालणारं कोणी न्हाई म्हणून. ती कधी खुलासा करत बसली नाही.

आणि दुसरी एक गोष्ट तिच्या अंगात भिनली होती. फ्लोराइट नावाचा एक पारदर्शक खडा असतो, त्याच्यावर तिनं बरंच काम केलं. त्या खड्यावर पाणी स्थिर ठेवलं तर एक संकेत मिळतो. तेच पाणी त्याच खड्यावरून वाहतं केलं तर वेगळा. कारण खड्यातून थोडं फ्लोराइड सुटत असतं. वाहतं पाणी ते ओढून नेतं, बसलेलं पाणी ते जवळ धरून ठेवतं, आणि दगडाच्या अंगावरचा भारच बदलून जातो. खडा तोच, पाणी तेच, उत्तरं दोन. तेव्हापासून पाण्याबद्दल कुणी काहीही सांगितलं की आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “बसलेलं की वाहतं?”

आमच्या गावच्या बोअरला दात आणि हाडं बिघडवण्याइतकं फ्लोराइड आहे हे जुनं दुखणं. त्यावर उपाय म्हणून टाकीशेजारी एक गाळणयंत्र बसवलं गेलं. एक उंच पोलादी नळकांडं, आत अ‍ॅल्युमिनाचे पांढरे दाणे. पाणी त्यांच्यातून जातं आणि दाणे फ्लोराइड धरून ठेवतात. काही काळानं दाणे भरतात, मग ते धुवावे किंवा बदलावे लागतात. बसवणाऱ्या ठेकेदाराकडे काही मुदतीपर्यंत देखभाल होती, त्यानंतर यंत्र ग्रामपंचायतीकडे सोपवायचं. एकदा ग्रामपंचायतीनं ताब्यात घेतल्याची सही केली की दाणे भरले काय आणि रिकामे काय, ठेकेदार मोकळा. तपासणीचे अहवाल दर वेळी ‘पिण्यास योग्य’ असेच येत होते.

विलासची बायको सुरेखावहिनी. तिची मुलगी गौरी शाळेच्या फोटोत ओठ मिटून उभी आहे, कारण तिच्या पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे आले आहेत. यंत्र बसल्यानंतर आलेले दात ते. वहिनी आत्याला म्हणाली होती, “गौरीचं झालं ते झालं, आत्या. बारक्याचे पक्के दात अजून हिरडीत हायेत. त्याचं काय व्हायलंय ते सांगा.” या सगळ्या गोष्टीत एवढाच प्रश्न खरा आहे, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं. बारका आता कुठे बोलायला लागलाय.

आत्या त्या वेळी वहिनीकडे मुक्कामाला राहिली आणि पहाटे नळावर जाऊन उभी राहिली. आमच्याकडे एक रीत आहे. सगळ्यांत आधी भरायचा तो पिण्याचा हंडा. नळाला कुणाची बादली लागण्याआधी, हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन. त्यातला तांब्या देवाला, बाकीचा दिवसभर प्यायला. धुण्याचं, भांड्यांचं, जनावरांचं मागाहून. आत्या बराच वेळ बघत राहिली. मग तिनं वहिनीला विचारलं, “हे पहिलं पाणी रातभर कुठं होतं?” वहिनी म्हणाली, “कुठं असणार? त्या नळकांड्यात. लाईट गेली की मोटर बंद, पाणी आतच बसतं की.” आत्या म्हणाली, “बसतं…” आणि एवढंच म्हणून चहा न घेता परभणीला गेली.

तिचा अंदाज असा होता: दाणे भरत आलेत. दिवसा पाणी वाहतं तेव्हा त्याला दाण्यांपाशी फार वेळ मिळत नाही. रात्री तेच पाणी दाण्यांना टेकून बसतं, आणि दाण्यांनी धरलेलं फ्लोराइड काही प्रमाणात परत पाण्यात उतरतं. तपासणीवाला नियमाप्रमाणे नळ सोडून, रात्रभर बसलेलं पाणी घालवतो आणि वाहत्याची बाटली भरतो. आणि आमच्या बाया रीतीप्रमाणे बसलेलंच पाणी पिण्यासाठी नेतात. दोघंही आपापल्या जागी काटेकोर, आणि त्यामुळेच अहवालातलं पाणी आणि बारक्याच्या पेल्यातलं पाणी यांची गाठ कधी पडलेलीच नाही. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी उडालेच. मी म्हटलं, “आत्या, हा तर घोटाळा आहे!” ती म्हणाली, “हा अंदाज हाय. घोटाळा व्हायला अजून लय वेळ हाय.” तिनं हेही पुन्हा पुन्हा बजावलं की लेझरनं गावचं पाणी तपासता येत नाही, फ्लोराइड मोजायला साधा मीटर लागतो. लेझरनं तिला फक्त प्रश्न कोणता विचारायचा ते शिकवलं होतं.

मीटर तिनं ओळखीच्या एका प्राध्यापकाकडून उसना आणला. वहिनीनं पहिल्या पाण्याची एक बाटली भरली, नळ बराच वेळ वाहिल्यावर दुसरी. पहिलीत फ्लोराइड मर्यादेच्या वर, दुसरीत आत. मी तिथल्या तिथे मथळा ठरवला. आणि आत्या वहिनीला विचारत होती, “दात कशानं घासलेस?” वहिनी लाजली. “पेस्टनं. गौरीचे दात पांढरे व्हावेत म्हणून आणलीय, मीबी तीच लावते.” “आणि चूळ?” “नळावरच भरली की, हात बी तिथंच धुतले.” आत्यानं बाटली उचलली आणि मोरीत ओतून दिली. पेस्टमध्ये फ्लोराइड असतं, म्हणाली, हाताला लागलं असणार. मी एवढी भडकले की आवाज शेजारी गेला. हातात आलेला पुरावा ओतून देणारी ही कसली बाई! तिनं रिकामी बाटली खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “तुझ्या बाजूचा पुरावा आला की तू त्याच्याकडं संशयानं बघत न्हाईस. म्हंजी तू संशयी न्हाईस, पोरी. नुसती रागीट हायस.” मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. अजूनही कुठलंही पत्रक लिहिताना ते वाक्य माझ्या उजव्या बाजूला बसलेलं असतं.

मग तिनं सगळं पहिल्यापासून केलं. नव्या बाटल्या, शुद्ध पाण्यानं विसळलेल्या. भरणारीनं आधी दात घासायचे नाहीत, हात वेगळ्या पाण्यानं धुवायचे. दर वेळी भरणारी बाई वेगळी. वहिनीची सासू, म्हणजे माझी काकू, दात न घासता नळाला हात लावायचा म्हणून दोन दिवस धुसफुसत होती. “देवाचं पाणी हाय, आणि पारोशा तोंडानं?” आत्या काकूला म्हणाली, “वहिनी, बाटली देवाला न्हाई दाखवायची, मीटरला दाखवायचीय. त्याला चालतं.” काकू म्हणाली, “मग मीटरालाच म्हणावं, भर,” आणि तरीही दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी बाटली घेऊन नळावर तीच होती. किती पहाटे असं चाललं ते मी मोजलं नाही, आत्यानं मोजलं असणार. फरक प्रत्येक वेळी उरला. कधी जास्त, कधी थोडका, पण उरला. लाईट रात्रभर होती आणि मोटर चालू राहिली त्या दिवशी फरक जवळजवळ नव्हता, आणि त्या एका दिवसानंच तिची खात्री पटवली. माझ्यासारखीनं तो दिवस गैरसोयीचा म्हणून लपवला असता. “आता लिही,” ती म्हणाली. मी लिहिलं. तिनं त्यातली सगळी उद्गारचिन्हं काढली. म्हणाली, “एवढी कशाला? वाचणारा काय बहिरा हाय का?”

पत्रक वाटल्यावर दिवाळीच्या सुमाराला नमुना घ्यायला माणूस आला. भला माणूस होता. त्यानं नळ सोडला, पाणी वाहू लागलं. आत्या म्हणाली, “साहेब, ह्या पहिल्या पाण्याची बी एक बाटली घ्या.” तो म्हणाला, “मॅडम, नियम आहे. साचलेलं पाणी घालवून मगच नमुना.” “नियम चांगलाच हाय. तुमी बोअर तपासायलाव, त्याच्यासाठी बरोबर हाय. मी विचारायलेय ते लेकराच्या पेल्याबद्दल.” तो खरोखर अडचणीत पडला. “पहिल्या पाण्याला फॉर्मवर रकानाच नाही, मॅडम.” ठेकेदाराचा सुपरवायझर बाजूलाच मोटरसायकलला टेकून उभा होता. तो हसत म्हणाला, “एवढंच असंल तर पहिला हंडा सांडून द्या की, मावशी. भांडायचं कशाला?” मी काही बोलणार, त्याआधी वहिनी बोलली, “सांडाय पाणी तुमी आणून देणार का? नळ किती वेळ येतो ते तरी ठाऊक हाय का तुमाला?” बायका हसल्या. पण त्याच्या बोलण्यात काय होतं त्याचा वास मला तेव्हाच लागला. दाणे बदलायचं काम त्याचं, आणि ते त्यानं हसता हसता बायकांच्या डोक्यावर ठेवलं होतं. मी एसटीत आत्याला म्हटलं, तो माणूस चोर आहे. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “असंल बी. पण नमुना घेणारा चोर नव्हता, नियम बी चोर नव्हता, आणि तरी लेकरू तेच पाणी पितंय. चोर सापडला की आपल्याला वाटतं काम झालं. म्हणून मला चोर शोधायची भीती वाटते.”

ती माझी तिच्याशी शेवटची नीट भेट. त्यानंतर तिनं तीन-चार ठिकाणी अर्ज केले, एकच मागणी: यंत्र ताब्यात घेण्याआधी पहिल्या पाण्याचा नमुना गावासमोर घ्यावा. फोनवर एकदा दमल्यासारखी वाटली. मी विचारलं तर म्हणाली, “जिने लय हायेत ऑफिसांना.” मी त्या दमण्यावर संशय घेतला नाही. जिथे घ्यायला हवा होता तिथे नेमका नाही.

आणि आता ही घाई. दहावा झाला नाही तोच सुपरवायझर गावात दोनदा येऊन गेला. पारावर बोलणं सुरू झालं, बाई गेली, आता विषय कशाला ओढायचा, पुढच्या ग्रामसभेत सही करून टाकू. कुणीतरी असंही पसरवलं की आत्याचा मीटर बिघडलेला होता. मी त्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी माझ्यासमोर ठरावीक प्रमाणाच्या द्रावणांत मीटर बुडवून दाखवला. तो बरोबर चालत होता. हे मी सांगते आहे ते तुम्ही मान्य करावं म्हणून नाही. तुम्हीही तपासा. आत्याच्या खोलीवर आवराआवर करायला मी आणि वहिनी गेलो होतो. ओट्यावर स्वच्छ कपडा अंथरून तिनं बाटल्या उपड्या घालून ठेवल्या होत्या, झाकणं वेगळी, धुऊन वाळलेल्या. लेबलं चिकटवलेली, कोरी. म्हणजे तिला पुन्हा मोजायचं होतं. एवढ्या वेळा फरक निघाल्यावरही ती स्वतःचं खरं मानायला तयार नव्हती. वहिनीनं पदरानं नाही, कोऱ्या कागदानं धरून एकेक बाटली पिशवीत ठेवली. एसटीत म्हणाली, “सहीच्या दिवशी आमी सगळ्या नळावर असणार. कोण बाई गेली म्हणतंय ते बघू की.” तोवर तिनं घरात एक बदल केला आहे. पहिला हंडा भांड्यांना, पिण्याचा मागून. काकू देवाला तांब्या अजून पहिल्याच पाण्याचा देते. म्हणते, देवाचे दात पक्के हायेत.

ग्रामसभा अजून व्हायची आहे. काय होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग मी आणणार नाही. पण आमचं गाव एकटं नाही. असं नळकांडं तुमच्याही गावात, वस्तीवर, शाळेच्या आवारात उभं असेल, आणि त्याच्या अंगावर ‘पिण्यास योग्य’ असं रंगवलेलंही असेल. माझी मागणी फार नाही. एका पहाटे, दात घासायच्या आधी, हात वेगळ्या पाण्यानं धुऊन, एका कोऱ्या बाटलीत नळाचं अगदी पहिलं पाणी भरा. नळ वाहू द्या आणि दुसरी बाटली भरा. असं तीन-चार पहाटे करा. एकाच दिवसावर विश्वास ठेवू नका, आमच्याही नको. आणि तपासणीचा माणूस येईल तेव्हा दोन्ही बाटल्या त्याच्यासमोर पुन्हा भरून त्याच्या हातात द्या. तो पहिली घेणार नाही. रकाना नाही म्हणेल. भांडू नका. घेत नाही असं कागदावर लिहून मागा, त्याखाली त्याचं नाव मागा, आणि ते मिळेपर्यंत तुमच्या गावाची सही कुणालाही देऊ नका.